चांदभाईची पायरी

चांदभाई शिकलगाराच्या कानांचं आधी सांगतो. डोळ्याचं पुढं येणारच आहे, त्याला काही इलाज नाही. कान असे, की शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणी चाकावर जरा जास्त जोर दिला, तर हा इकडून मान न वळवता ओरडायचा, "अरं दाबू नगंस! रडतंय ते!" ज्यानं दाबलं असेल तो दचकून हात ढिला करायचा आणि चाकाचा सूर परत वर चढायचा. लोक म्हणायचे, याच्या कानात जिन्न बसलाय. जिन्न कसला घेऊन बसलात, बापाची तालीम होती ती.

घराणं धार लावणाऱ्यांचं. आजा तलवारी पाजळायचा म्हणे. बापाच्या वाट्याला विळे-कोयते आले. चिखली, तळवडे, आकुर्डी, पार चाकणच्या बाजारापर्यंत बाप पाठीवर सहाण घेऊन हिंडायचा. त्यांची सहाण म्हणजे लाकडी आसावर बसवलेलं दगडी चाक. आई आसाला गुंडाळलेली चामड्याची वादी ओढायची, चाक फिरायचं आणि बाप पातं टेकवायचा. आईचा हात दमला की चाकाचा सूर उतरायचा, बाप लगेच पातं उचलायचा. आईनं घाई केली की पातं तापून निळं पडायचं, आणि निळं पडलेलं पातं पुढं जन्मात धार धरत नाही. चांदभाई अक्षरं गिरवायच्या आधी हे शिकला. बाकी शिक्षण चौथीपर्यंत.

एक्कावन्न साली चिंचवड स्टेशनाजवळच्या माळावर एक पत्र्याची शेड उभी राहिली. बॅटरीची टोपणं, कंदिलाच्या टाक्या, डब्यांची झाकणं ज्यांत ठोकतात ते पोलादी साचे तिथं बनायचे. साच्याला तिथं डाय म्हणत. डाय आतून आरशासारखी लागते. एक ओरखडा राहिला तर हजार झाकणांवर तोच ओरखडा उमटतो. हे शेवटचं घासकाम हातानं व्हायचं, आणि त्यासाठी एक यंत्र होतं. छताच्या आकड्याला मोटार टांगलेली, तिच्यापासून रबरी नळीत फिरणारी लांब लवचीक दांडी खाली आलेली, टोकाला मूठ. मुठीत चाक बसवायचं आणि मूठ हातात धरून डायच्या पोटात शिरायचं. लांबून ते सगळं हत्तीच्या सोंडेसारखं दिसे, म्हणून नावही सोंडच पडलं. सोंडेला तीन वेग. पुलीला तीन पायऱ्या. पट्टा खालच्या पायरीवर असला की चाकाचे मिनिटाला दोन हजार फेरे, मधल्या पायरीवर चार हजार आणि वरच्या पायरीवर आठ हजार.

आता यंत्र आलं म्हणून अक्कल थोडीच पाठोपाठ येते? पहिल्या वर्षातच तीन चाकं फुटली. एकाचं बोट गेलं, एकाच्या कपाळाला सात टाके पडले. तेव्हा साहेबानं चांदभाईला कामावर घेतलं. त्यानं आठवडाभर नुसतं पाहिलं, ऐकलं, आणि साहेबाला म्हणाला, "यंत्रात खोट न्हाई साहेब. ही मानसं समद्या चाकांना एकाच येगानं पळवत्यात. सुपारीएवढ्या बोंडाला वरची पायरी चालती. रुपयाएवढ्याला मधली. आन् हे अडीच इंची मोठं चाक हाय न्हवं, ह्येला खालचीच. मोठ्या चाकाची कड लई लांबचा फेरा मारती, तिला त्यो येग झेपत न्हाई."

साहेब पुस्तक वाचलेला माणूस. त्यानं चाकावरचा कागदी शिक्का वाचला. गोल कागदावर बारीक आकड्यात छापलेलं होतं, या चाकाला जास्तीत जास्त एवढे फेरे. आकडा चांदभाईच्या बोलण्याशी जुळला. साहेबानं तिथल्या तिथं सोंड चांदभाईच्या ताब्यात दिली.

मग काय विचारता! चांदभाईनं शेडमध्ये आपला कायदा चालू केला. नवं चाक बोटावर टांगून हातोडीच्या लाकडी दांड्यानं हलकेच ठोकायचं. टण् वाजलं तर घ्यायचं, थद् वाजलं तर फेकायचं. चाक बसवलं की बाजूला उभं राहून मिनिटभर मोकळं फिरवायचं, तोंड समोर आणायचं नाही. गळ्यात उपरणं नको, बाही लोंबती नको. मूठ दोन्ही हातांनी धरायची. बटण बंद केल्यावर चाक पुरतं थांबेपर्यंत मूठ खाली ठेवायची नाही. ज्योतीराम म्हणून बीडकडचा एक जण त्रेपन्न साली लागला, तो पहिल्याच दिवशी गळ्यात पंचा घालून सोंडेजवळ आला. चांदभाईनं पंचा ओढून काढला आणि त्याच्याच पाठीत हाणला. "गळफास घ्यायचा आसंल तर घरी घे. माज्या सोंडेला डाग नगं."

माझी सोंड! जरा मिजास होतीच त्याला. पण त्यानं ती कमावली होती. सहा वर्षांत त्या शेडमध्ये एक चाक फुटलं नाही. पुण्याच्या कारखान्यांतून लोक बघायला यायचे आणि साहेब बोट दाखवून म्हणायचा, "हा आमचा चांदभाई." त्या एका वाक्यावर चांदभाईचं महिनाभर पोट भरायचं. शेत नाही, वाडी नाही, घर म्हणाल तर दोन खणांचं. जे काही होतं ते हे नाव.

पंच्याचा मार खाल्लेला ज्योतीराम पुढं त्याचा जिवलग झाला. दोघं एकाच बाकावर भाकरी सोडायचे. ईदेला चांदभाईच्या घरचा शीरखुर्मा ज्योतीरामकडं जायचा, होळीला ज्योतीरामच्या सुभद्राबाईच्या पोळ्या इकडं यायच्या. डबा रिकामा कधी परत जात नसे. चांदभाईची बायको जमिला त्यात निदान चार बदाम तरी टाकायचीच.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असे. यंत्रं पुसायची, परातीत हत्यारं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, वरून पाणी शिंपडायचं, नारळ फोडायचा. नारळ फोडायचा मान चांदभाईचा. एका घावात बरोबर दोन वाट्या करायचा, कुणाला ते जमत नसे. फुटलेल्या नारळाचं पाणी परातीत हत्यारांवर सोडायचं. मग पूजा तशीच ठेवायची, दसरा उलटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

पण चाकाला पाणी म्हणजे विष. चाक वरून घट्ट दिसतं, पण आतून भाजलेल्या विटेसारखं सच्छिद्र असतं. एका बाजूनं पाणी प्यालं की ती बाजू जड होते, आणि जड बाजू घेऊन चाक जोरात फिरलं की फुटतं. चांदभाईनं यावर पहिल्याच वर्षी तोड काढली होती. चांगली चाकं आदल्या दिवशी पत्र्याच्या डब्यात घालून बाकाखाली सारायची आणि परातीत एक झिजून संपलेलं चाक मांडायचं. ते चाक वर्षभर खिळ्याला लटकलेलं असे. पूजेचं चाक म्हणूनच त्याला सगळे ओळखत. देवाचं देवाला झालं, कामाचं कामाला. कुणाची काही तक्रार नव्हती.

सत्तावन्न साली मारुतराव फोरमन आला. पुण्याचा, कडक इस्त्रीचा, पाच महिन्यांत शेड नव्यानं रंगवून घेतलेली. माणूस कामसू होता, खोटं कशाला बोला. पण आपल्याला ठाऊक नसलेलं दुसऱ्याला ठाऊक असावं हे त्याला सोसत नसे. चांदभाईला तो 'अहो चांदभाई' म्हणायचा आणि त्या 'अहो'तून खडे लागायचे.

खंडेनवमीच्या सकाळी परात मांडताना त्याची नजर बाकाखालच्या डब्यावर गेली. डबा उघडला तर आत चकचकीत नवी चाकं. परातीत पाहिलं तर झिजकं.

"हे काय?" मारुतराव म्हणाला. "देवापुढं मोडकं, आणि चांगलं लपवून ठेवायचं? कुणाचं डोकं हे?"

सगळ्यांना ठाऊक होतं कुणाचं डोकं. आणि सगळ्यांनी चांदभाईकडं पाहिलं. रोज पाहायचे तसं नव्हे हो ते पाहणं. चांदभाई सांगायला तोंड उघडणार, की मारुतराव, पाणी प्यालं की चाक फुटतं. साधं वाक्य. ज्योतीरामनं म्हटलं असतं तर कारागिराचं म्हणणं ठरलं असतं. पण त्याच्या मनात आलं, आपल्या तोंडून हे निघालं तर काय ऐकू जाईल? चांदभाईला पूजेचं पाणी चालत नाही. देवापुढं मुद्दाम मोडकं ठेवतो. फाळणीला दहा वर्षंच झाली होती, आणि गावात कुणी त्याला कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं. तो वाकडा शब्द आज ऐकायची त्याची तयारी नव्हती. तो मूग गिळून बसला.

मारुतरावानं नवी चाकं परातीत उभी करून मांडली. प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं उमटली, नेमकी कागदी शिक्क्यावर. तांब्याभर पाणी ओतलं. मग म्हणाला, "फोडा चांदभाई. तुमचा मान."

आणि चांदभाईनं नारळ फोडला. एका घावात, बरोबर दोन वाट्या. पाणी त्याच्याच हातांनी चाकांवर सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दसरा, सुट्टी. सोनं द्यायला ज्योतीराम आला तेव्हा चांदभाई म्हणाला, "चाकं पान्यात उभी हायती रं. उद्या उचलली की चार दिस उन्हात घालावी लागतील." ज्योतीराम म्हणाला, "घालू की राव. कोण नको म्हणतंय?"

कोण म्हणतंय! तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा उठवली न उठवली तोच मारुतराव डाय घेऊन सोंडेपाशी हजर. डब्याच्या झाकणाची डाय, मुंबईचं गिऱ्हाईक दुपारी दोनला येणार, आणि डायच्या तळाशी एक उंचवटा राहिलेला. तो मोठ्या चाकाशिवाय निघण्यातला नव्हता.

चांदभाईनं परातीतून मोठं चाक उचललं. निम्म्या चाकाचा रंग गडद होता. बोटावर टांगून ठोकलं. थद्. त्यानं ते ज्योतीरामच्या कानाशी नेऊन परत ठोकलं. ज्योतीरामनं ओठ आत ओढले.

"मारुतराव, चाक वलं हाय," चांदभाई म्हणाला. "आज चालवायचं न्हाई. पुन्याहून नवं मागवा, सांजेपतुर येईल."

"गिऱ्हाईक दोनला येणारेय. पुसून घ्या."

"पुसून भागत न्हाई. पोटात पानी गेलंय."

"अहो, तांब्याभर पाण्यानं चाक बिघडतं होय? चालवून तर बघा."

चांदभाईनं चष्मा मागितला. अख्ख्या कारखान्यात डोळ्यांना लावायचा चष्मा एकच, आणि तो मारुतरावाच्या कपाटात, चोरीला जाऊ नये म्हणून कुलपात. किल्ली कारकुनाकडं, कारकून दसऱ्याला गावी गेलेला. म्हणजे आज चष्माही नाही.

त्यानं पट्टा खालच्या पायरीवर घातला, मूठ अंगापासून लांब धरली आणि बटण दाबलं. चाक फिरलं, पण मुठीतून अशी थरथर आली की कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. बटण बंद. चाक थांबेपर्यंत उभा राहिला. मूठ खाली ठेवली.

"न्हाई व्हायचं," तो म्हणाला.

मारुतरावाचा संयम सुटला. त्यानं घड्याळ पाहिलं, शेडकडं पाहिलं. सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. तो पुढं झाला, मोटारीवरचा पट्टा स्वतःच्या हातानं उचलला आणि सरळ वरच्या पायरीवर चढवला. "हळू फिरवलं की थरथरणारच. जोरात फिरलं की सरळ होतं, भोवऱ्यासारखं. पाच मिनिटांचं काम, आणि तू तासभर लावलास."

पाच महिन्यांत पहिल्यांदा 'अहो' गेलं होतं. चांदभाई जागचा हलला नाही. मग मारुतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "का रे? देवाचं पाणी लागलं म्हणून चाक नको झालं का तुला?"

घ्या! ज्या शब्दाला भिऊन परवा तोंड मिटलं होतं, तो शब्द शेवटी आलाच. तोंड मिटून काय मिळवलं? काही नाही. तेव्हा बोलला असता तर निदान चाकं कोरडी राहिली असती. पण हे असं तुमच्या-आमच्यासारखं शांतपणे बसून त्याला कुठं सुचणार? कान तापले होते. शेड बघत होती. तो शिक्का एकदा बसला की मग सहा वर्षांचा चांदभाई उरणार नव्हता. त्यानं मूठ उचलली.

मोकळं मिनिट मात्र त्यानं पाळलं. बाजूला उभा राहून, तोंड फिरवून, मनात साठ मोजले. चाक कर्कश ओरडत होतं, पण टिकलं. एकसष्टाव्याला त्यानं वाकून चाक डायच्या तळाला लावलं. आवाज बदलला तो त्याच्या कानांनी पकडला, दवाखान्यात भेटायला आलेल्या ज्योतीरामला तो सांगत होता. पण आवाज बदलणं आणि फुटणं यांत मान मागं घेण्याइतकाही वेळ नव्हता.

उजवा डोळा गेला. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डावा वाचला हे नशीब. महिना तिथंच गेला.

परत आला तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि साहेबाच्या खोलीत चौकशी होती. साहेब वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली, चहा दिला. मारुतराव भिंतीशी उभा. टेबलावर टंकलेला कागद. साहेबानं वाचून दाखवला. सदर कामगारानं मोठं चाक असताना पट्टा स्वतः वरच्या पायरीवर चढवून, चष्मा न लावता यंत्र चालवलं, त्यामुळं अपघात झाला. खाली सहीला जागा.

"पट्टा म्या न्हाई चढवला," चांदभाई म्हणाला.

साहेबानं मारुतरावाकडं पाहिलं. मारुतराव म्हणाला, "मग काय मी चढवला? सोंड यांच्या ताब्यात. सहा वर्षं दुसऱ्याला हात लावू देत नव्हते, सगळ्यांना माहीत आहे."

"ज्योतीराम हुता शेजारी. दुसरं कुनी तोंड उघडणार न्हाई, त्येला इचारा."

ज्योतीरामला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभा राहिला. चांदभाईनं राहिलेला डोळा त्याच्यावर लावला. आता हे ऐका, म्हणजे मग कुणाला बोल लावायचा ते ठरवा. ज्योतीरामला कारखान्याच्या चाळीतली खोली त्याच आठवड्यात मिळाली होती. सुभद्राबाईला सातवा महिना होता. सोंडही आता त्याच्याच हातात आली होती.

"मी पाठमोरा होतो साहेब," ज्योतीराम म्हणाला. "मला काई दिसलं नाई."

बीडचा माणूस, मोठ्यानं बोलायची सवय. हे मात्र इतकं हळू बोलला की साहेबानं परत विचारलं, आणि त्यानं परत तेच सांगितलं.

साहेब चांदभाईकडं वळला. "चाक ओलं होतं, हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं हुतं."

"मग चालवलंत का?"

काय सांगणार? चाक ओलं झालं ते पूजेनं, पूजेचा नारळ आपणच फोडला, आणि यांनी भर शेडमध्ये देवाच्या पाण्याचा शब्द काढला म्हणून चालवलं? हे साहेबाच्या खोलीत, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींखाली बोलायचं? साहेबानं सुस्कारा टाकून कागद पुढं केला. "सही करा चांदभाई. गेटवर वॉचमनची जागा ठेवलीय तुमच्यासाठी. कायमची."

"सही न्हाई करणार."

"विचार करा. सही नाही तर मला जागा देता यायची नाही."

घरी जमिलानं कपाळ बडवून घेतलं. "नाव नाव काय करताय? नाव शिजवून घालू का पोरींना? झुलेखाचं लग्न तोंडावर आलंय. एक सही करा आणि बसा ना गेटवर सावलीत!"

"मी चूक केली आसं लिवलंय त्यात."

"लिहू दे! कोण वाचतंय?"

"मी वाचतोय," चांदभाई म्हणाला. "माज्याकडं दुसरं हाय काय गं? तेवढं एक तर ठेवू दे."

त्यानं सही केली नाही. वॉचमनची जागा दुसऱ्याला गेली. आठवड्यानं ज्योतीराम घरी आला, हातात सुभद्राबाईनं दिलेला डबा. चांदभाई आतून बाहेर आला नाही. जमिलानं दारातच डबा घेतला, आत जाऊन पदार्थ आपल्या भांड्यात काढला, डबा धुतला, पुसला आणि रिकामा परत दिला. ज्योतीराम तो हातात धरून बराच वेळ उभा होता. पुन्हा तो कधी आला नाही.

माळ्यावरून बापाची सहाण निघाली. आता वादी ओढायला कोण? चांदभाईनं मोडक्या सायकलीची चेन नि पायडल लावून ती पायानं फिरेल अशी केली आणि चिंचवडच्या बाजारात एका लिंबाखाली बसू लागला. विळे, कात्र्या, अडकित्ते. एका डोळ्यानं धारेचा अंदाज नीट येत नसे, पण कान होते. पोटापुरतं भागायचं. कुणी ओळखीचा भेटला की चांदभाई ताठ बसायचा. सही केली नाही, हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

एकोणसाठ सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. भर दुपारी एक तिशीचा माणूस विळीचं पातं घेऊन आला. अंगात कारखान्याची खाकी. नाव हिंदुराव, उस्मानाबादकडचा, बोलघेवडा. चांदभाईनं पायडल मारायला सुरुवात केली तसा तो समोर उकिडवा बसला.

"हळू घ्या बाबा, हळू," हिंदुराव म्हणाला. "मला कळतंय त्यातलं. मी बी चाकावरच काम करायलोय, तीन महिने झाले. स्टेशनाजवळ डायचा कारखाना हाय नव्हं का, तिथं. सोंडेवर."

चांदभाईचा पाय क्षणभर थांबला, मग परत फिरू लागला. "बरं हाय का काम?"

"काम लई जोखमीचं. पण आमच्याकडं नियम कडक. बोर्डच लावलाय. चाक ठोकून बघायचं, मिनिटभर मोकळं फिरवायचं, मोठ्या चाकाला खालची पायरी. अन् खंडेनवमीला नवी चाकं डब्यात, पूजेला एक जुनं चाक ठेवायचं. चाकाला पाणी लावायचं नाही. समदे मारुतराव फोरमनचे नियम. लई हुशार माणूस. साहेबानं बक्षीस दिलंय त्यांना."

चांदभाईनं पातं उचललं, पाण्याचा हात फिरवला, परत टेकवलं. मग तो म्हणाला, "चांगलं हाय. फुटत न्हाई मग चाक."

"नाव नका काढू! एकदा फुटलं होतं म्हणं, आमच्या आधी. कुणी चांदभाई होता. अर्धवट डोक्याचा. मोठं चाक घेतलं अन् पट्टा चढवला वरच्या पायरीवर. डोळा गेला बगा त्याचा." हिंदुराव हसला. "तवापास्नं वरच्या पायरीला आम्ही चांदभाईची पायरी म्हणतो. कुणी नवा चुकला की समदी शेड वरडती, अरं चांदभाई करायलास का!"

पायडल फिरत होतं. चाकाचा सूर उतरला नाही की चढला नाही. चांदभाईनं विचारलं, "हे तुमाला सांगितलं कुनी? फोरमननं?"

"फोरमन कशाला? आमचे ज्योतीराम मिस्त्री. तेच शिकवतात आमाला. पैल्याच दिवशी त्या पायरीवर बोट ठेवून सांगितलं, चांदभाई करू नका म्हणून."

चांदभाईनं पातं थांबवलं. अंगठ्याच्या पोटावर धार आडवी फिरवून पाहिली. डोक्यावरचा रुमाल त्यानं उजव्या बाजूनं जरा खाली ओढला.

"त्यो मिस्त्री आनखी काय सांगतो त्याच्याबद्दल?"

"काई नाही. तेवढं सांगतात अन् कामाला लागतात. एकदा कुणी जास्त हसलं, तर त्याच्या अंगावर पान्हा फेकला हो त्यांनी! का काय ठाऊक." हिंदुरावनं पातं घेतलं, धार बघून मान डोलावली. "वा! झकास लागलीय. घरात अजून दोन विळे हायेत, पुढच्या बाजारी आणतो. नाव काय तुमचं बाबा? कुणाला इचारू?"

या नावासाठी त्यानं सही केली नव्हती. सावलीतली नोकरी सोडली होती, जमिलाचे टोमणे दोन वर्षं खाल्ले होते. चांदभाईनं हात पुसले. आजूबाजूला बाजार भरला होता, त्यातल्या निम्म्यांना त्याचं नाव ठाऊक होतं.

"शिकलगार," तो म्हणाला. "नुसतं शिकलगार म्हणून इचारा."